दोन सूत

आमच्या स्वयंपाकघराचें दार दर पावसाळ्यांत फुगतें. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तें लावावयास खांदा द्यावा लागतो आणि उघडावयास लाथ. हीं दोन्हीं कामें प्राध्यापकास शोभणारीं नव्हत, असें गृहिणीचें मत पडल्यामुळें यंदा तिनें सुतारास बोलावून आणलें. सुतारानें दाराच्या कडेवरून अंगठा फिरविला, एक डोळा मिटून चौकटीकडे पाहिलें आणि म्हटलें, "दोन सूत काढावं लागंल, साहेब. उद्या येतो." आम्हीं गंभीरपणें मान डोलाविली. सूत म्हणजे काय हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सुतार गेल्यावर, चार दिवसांसाठीं आमच्याकडे आलेल्या भाच्यानें तें सांगितलें. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत.

आमच्या अज्ञानाचें आम्हांस जें वैषम्य वाटलें त्यास एक विशेष कारण होतें. जॉर्ज इलियट या लेखिकेची 'अ‍ॅडम बीड' ही १८५९ सालची कादंबरी आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली आहे. ती सुतारांच्या कामाच्या जागींच उघडते. पहिल्याच प्रकरणांत एक भाबडा सुतार आपलें दार पुरें झालें म्हणून सांगतो, आणि त्यांत मधल्या फळ्या बसवावयाच्या राहूनच गेल्या म्हणून सोबती त्याची थट्टा करतात. या थट्टेंतील स्वभावचित्रण आम्हीं विद्यार्थ्यांस किती वेळां समजावून दिलें असेल! दार कसें करतात हें मात्र त्यांनीं विचारलें नाहीं आणि आम्हांसहि सुचलें नाहीं.

परंतु पुस्तकांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतील मुलांस कामकरी माणूस दिसला तो मुख्यतः पडद्यावर. हमाल, टांगेवाला, गिरणीकामगार, खाणींतला मजूर या सर्वांची आमची ओळख चित्रपटगृहाच्या अंधारांत झाली. चाळीस वर्षें ही संगत असतां त्यांच्या कामाविषयीं आम्हीं इतके कोरे कसे राहिलों, असा प्रश्न त्या संध्याकाळीं मनांत घोळूं लागला.

चित्रपटाचा जन्मच मोठा सूचक आहे. ल्युमिएर बंधूंनीं १८९५ सालीं जीं पहिलीं चलच्चित्रें घेतलीं, त्यांत त्यांच्या लिओं येथील कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार आहेत. फाटक उघडतें, बहुतेक बायका असलेला तो घोळका लगबगीनें निघून जातो, मिनिटाच्या आंत चित्र संपतें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत जो पहिला खेळ झाला, त्याच्या सहा चित्रांत हेंहि होतें. फाटकाच्या आंत छायाचित्रणाच्या काचा तयार होत. त्या कशा होत, कोणाचें बोट कोठें फिरे, हें दाखवावयास छायायंत्र आंत गेलें नाहीं. तें फाटकाबाहेर उभें राहिलें, आणि पुष्कळसें अजूनहि तेथेंच उभें आहे. जर्मनीचे हारून फारोकी यांनीं १९९५ सालीं याच एका दृश्याचा पाठपुरावा करणारा स्वतंत्र चित्रपट केला, तो जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा.

आमच्याकडील चित्रपटांनीं श्रमिकांची उपेक्षा केली असें कोणी म्हणूं नये. बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालींच 'सावकारी पाश' काढून जमिनीस मुकलेला शेतकरी शहरांत आणून सोडला. बिमल रॉय यांच्या १९५३ सालच्या 'दो बिघा जमीन'मध्यें बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढतात, आणि ती ओढण्याचा त्यांनीं आधीं खरोखरच सराव केला होता. गिऱ्हाईक चढत्या पैशाची लालूच दाखवून त्यांस धांवावयास लावतें आणि अखेर चाक निखळतें, तें दृश्य पाहून आम्हीं एकदां नव्हे, तीनदां डोळे पुसले आहेत. पण येथेंच आमची तक्रार सुरू होते. पडद्यानें आम्हांस कष्ट दाखविले. कसब दाखविलें नाहीं. घाम, खोकला, भोंगा, मुकादमाची शिवी हें सारें आलें. रिक्षाचा तोल कोणत्या स्नायूवर सांभाळतात, नवख्यास तो किती दिवसांनीं साधतो, हें आलें नाहीं. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) मधील लोहाराचें जोडपें मराठी माणूस विसरणार नाहीं. भाता, ऐरण, उडणाऱ्या ठिणग्या, सारें कसें मंगल वाटतें! आणि तरीहि त्या ऐरणीवर घडत काय होतें, विळा कीं कुऱ्हाड, हें आम्हांस आज सांगतां यावयाचें नाहीं. चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्यें (१९३६) काम दिसतें हें खरें. दोन्हीं हातांत पाने घेऊन तो चाक्या आवळतो आणि काम सुटल्यावरहि त्याचे हात आवळतच राहतात. पण तें ज्यांत शिकण्यासारखें कांहीं उरूं दिलेलें नाहीं असें काम आहे, आणि चॅप्लिनचा रोषहि त्याचाच आहे.

आणि शिकणें? तें तर गाण्यांत उरकतें. पहिल्या कडव्यांत नायकाची हातोडी अंगठ्यावर बसते, दुसऱ्यांत नायिका फडकें बांधते, तिसऱ्या कडव्यांत कारखाना उभा! दोन तासांच्या खेळांत दोन वर्षांची उमेदवारी कशी बसवावी, असें दिग्दर्शक विचारतील. तो प्रश्न अवघड आहे, हें आम्ही मान्य करतों. तरी डी सिका यांनीं १९४८ सालच्या 'बायसिकल थीव्ज'मध्यें वाट काढली होती. त्यांतील बेकार बापास भित्तिपत्रकें चिकटविण्याचें काम मिळतें, तेव्हां एक जुना गडी त्यास खळ कशी लावावी, कागद कसा सारखा करावा, सुरकुती कां राहतां कामा नये, हें समजावून सांगतो. मिनिटभराचाच धडा, पण पुढें सायकल चोरीस जाते तेव्हां नुकतें हातीं येऊं लागलेलें कामहि गेलें हें आपणांस कळतें. त्या बापाचें सोंग घेणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे खरोखरीचे कारखान्यांतील कामगार होते, आणि चित्रपट जगभर गाजल्यानंतर त्यांची ती नोकरी गेली. पडद्यास त्यांचा चेहरा पाहिजे होता. हात कोणासच नको होते.

सुतार गेला त्याच रात्रीं आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट-मंडळांत बोलावयाचें म्हणून आम्ही एक बेल्जियन चित्रपट घरच्या संगणकावर पाहावयास बसलों, आणि भाचा शेजारीं येऊन बसला. ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बंधूंचा 'ल फिस', म्हणजे 'मुलगा', हा २००२ सालचा चित्रपट. सुधारगृहांतून आलेल्या पोरांस सुतारकाम शिकविणारा ऑलिव्हिए नांवाचा एक शिक्षक त्यांत आहे. एके दिवशीं फ्रान्सिस नांवाचा नवा पोरगा दाखल होतो. पांच वर्षांपूर्वीं चोरी करतांना शिक्षकाच्या मुलास ज्यानें मारलें तो हाच. शिक्षकास हें ठाऊक आहे, पोरास नाहीं. आतां येथें आमच्याकडील लेखकानें किती आक्रोश मांडला असता! दार्देन बंधूंचें छायायंत्र त्या शिक्षकाच्या मानेमागें उभें राहतें आणि तो शिकवितांना पाहत राहतें. फळी कशी धरावी, माप कसें घ्यावें, हत्यारांची पेटी कशी जुळवावी. सुडाची गोष्ट आहे, परंतु ती चालते मोजमापांतून. एके रात्रीं पोरगा विचारतो, येथपासून तेथपर्यंत किती अंतर? शिक्षक नुसत्या नजरेनें आकडा सांगतो. पोरगा लांकडी घडीची पट्टी उलगडून मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. त्या पोराच्या नजरेंत जो आदर उमटतो, तो आम्हीं आमच्या वर्गांत तीस वर्षांत पाहिला नाहीं.

"मामा, जरा मागं घ्या," भाचा म्हणाला. आम्हीं तें दृश्य पुन्हां लावलें. पुन्हां पाहून तो हळूच म्हणाला, "ह्याला सूत कळतं."

या भाच्याची हकीकत सांगितल्यावांचून आतां गत्यंतर नाहीं. बारा-तेरा वर्षांपूर्वीं तो दहावी झाला. गुण चांगले होते. आळींतल्या सायकली, शेजारणींचे मिक्सर, आमचा पंखा, सारें त्याच्या हातांखालून गेलेलें. त्यानें घरीं सांगितलें कीं, मला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. बहीण धांवत आमच्याकडे आली. "दादा, तूच सांग त्याला. माझं ऐकत नाहीं." आम्हीं सांगितलें. चांगले तासभर सांगितलें. वर्ध्यास १९३७ सालीं जी शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनीं हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याचा जो विचार मांडला, त्यावर आम्हीं दोनदां जाहीर व्याख्यान दिलें आहे व दोन्हीं वेळां टाळ्या मिळविल्या आहेत. त्या दिवशीं त्यांतील एकहि वाक्य आम्हांस आठवलें नाहीं.

आमच्या डोळ्यांसमोर त्या वेळीं कोण होता? फिटर नव्हता, फिटर आम्हीं जवळून पाहिलाच नव्हता. डोळ्यांसमोर होता तो लहानपणीं पाहिलेला 'काला पत्थर' (१९७९), त्यांतील काळवंडलेले चेहरे आणि खाणींत घुसणारें पाणी. बहिणीच्या एकुलत्या एका मुलास आम्ही त्या पाण्यांतून ओढून काढीत होतों! कष्टकऱ्याविषयीं चित्रपटानें शिकविलेली कणव आमच्या अंगीं पुरेपूर होती. तिच्या जोरावरच आम्हीं त्याला कष्टांपासून वांचविलें, आणि त्याबरोबर कसबासहि मुकविलें. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. आतां एका कचेरींत परक्यांचीं बिलें तपासतो. पगार वेळेवर मिळतो. तो आमच्याविषयीं कधीं वांकडा शब्द बोलला नाहीं, आणि बोलला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

चित्रपटाचा शेवट लांकडाच्या वखारींत होतो. शिक्षक पोरास खरें काय तें सांगतो, पोरगा पळतो, झटापट होते, शिक्षकाचे हात त्याच्या गळ्याशीं जातात आणि सुटतात. मग शिक्षक परत येऊन फळ्या गाडीवर चढवूं लागतो. थोड्या वेळानें पोरगाहि मुकाट्यानें येऊन उभा राहतो आणि दोघे मिळून फळ्या बांधतात. क्षमेचा एक शब्द नाहीं. भाचा बराच वेळ तसाच बसून होता. "झोपा आतां," एवढेंच आम्ही बोललों.

सकाळीं सुतार आला. बिजागऱ्या सोडवून त्यानें दार ओसरीवर आडवें केलें. तें धरावयास एक माणूस पाहिजे होता. आम्ही पुढें झालों, पण "तुम्ही राहूं द्या, साहेब," म्हणून त्यानें भाच्यास खुणाविलें. आमच्याकडे चहाचें काम आलें. आम्ही कप घेऊन बाहेर आलों तों रंधा भाच्याच्या हातांत होता. "आडवा जातोय," सुतार सांगत होता, "लांकडाच्या रेषेनं जाऊं द्या. दाबूं नका, त्याचं तो कापतो." एक लांब, पातळ, अखंड कपचा वळत वळत खालीं पडला. सुतारानें कडेवरून अंगठा फिरविला, पुन्हां एक डोळा मिटला, आणि भाच्याकडे नीट पाहिलें.

"हात चांगला आहे. कुठं शिकलात?"

भाच्यानें आमच्याकडे न पाहतां उत्तर दिलें, "कुठंच नाहीं."

आम्ही सुताराचे पैसे आणावयास आंत गेलों.