डाव्या बुटावरचा काळा डाग

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाच्या अलीकडे रस्त्यावर खडी सांडलेली होती, म्हणून गाडी थांबवली आणि डावा पाय टेकवायला गेलो. पाय खाली आलाच नाही. बुटाची नाडी फूटरेस्टच्या टोकात अडकली होती. गाडी दोनशे किलोच्या घरातली. ती हळूच डावीकडे कलली आणि माझा घोटा तिच्याखाली सापडला. पडलो तेव्हा वेग शून्य होता. मागून येणाऱ्या मित्राने गाडी उचलली, पण पाय टेकवत नव्हता. हाडाला बारीक चीर गेली होती. पाच आठवडे प्लास्टर.

त्या पाच आठवड्यांत मला माझी चूक नीट दिसली. गाडीवर चालतील आणि पायी चालतानाही चालतील असे बूट मी चार वर्षं शोधत होतो, पण पायी चालणं म्हणजे नेमकं किती आणि कुठे, हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

सुरुवात कारखान्यातल्या सेफ्टी शूजने झाली. माझी नोकरी चाकणला, बूट कंपनीकडूनच मिळायचे. पुढे पोलादी टोपी, म्हणजे पाय सुरक्षित, असं मी धरून चाललो. त्या टोपीची चाचणी २०० जूलच्या आघाताची असते, म्हणजे वरून बोटांवर काही पडलं तर ती वाचवते. गाडी पडते तेव्हा पाय दाबला जातो बाजूने, आणि मार बसतो घोट्याला. तिथे त्या बुटात मऊ चामड्याशिवाय काहीच नव्हतं. शिवाय टोपीमुळे बुटाचं नाक एवढं जाड की गिअरच्या दांड्याखाली ते धड शिरत नसे. माझ्या गाडीला टाचेने दाबायचा मागचा दांडा नाही, वरचा गिअर चवड्याने उचलूनच टाकावा लागतो. कात्रजच्या चढावर दुसरा टाकायला गेलो आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकली. मागे ट्रक होता. त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं.

मग सेफ्टी शूज सोडून ट्रेकिंगचे बूट घेतले. ओल्या कातळावर त्यांची पकड उत्तम होती. राजगडाच्या चोरदरवाजाच्या वाटेवर, जिथे रेलिंग धरून चढावं लागतं, तिथे त्यांनी कधी दगा दिला नाही. तेवढ्यावरून मी ते गाडीवरही पास करून टाकले. लांब नाड्या लोंबतात, घोट्याभोवती नुसतं कापड आणि फोम आहे, हे दिसत होतं, तरी मनावर घेतलं नाही. त्याची किंमत गुंजवण्याला मोजली.

प्लास्टर निघाल्यावर राग येऊन थेट टूरिंगचे उंच, महागडे बूट आणले. या वेळी अभ्यास केला होता. युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ नावाचं मानक आहे. बुटाच्या आतल्या लेबलवर दुचाकीस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली १ किंवा २ असे चार आकडे असतात. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासलं गेल्यावर किती टिकतो त्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, आणि चौथा बाजूने दाब आल्यावर बूट किती तग धरतो त्याचा. माझ्यासारख्या पडलेल्या माणसाने आधी हा चौथा आकडा बघावा. माझ्या बुटावर चारही ठिकाणी २ होते.

चूक मापात झाली. सकाळी अकराला दुकानात गेलो, पातळ मोजे घातलेले. दिवसभर उभं राहून, चालून पाय संध्याकाळी थोडे फुगतात, हे मला ठाऊक होतं. तरी घाई केली. पहिल्याच रविवारी तेच बूट घालून राजगड चढलो. पुढे वाकताना घोटा अडत होता, पण खरे हाल झाले उतरताना. बोटं पुढे आदळत राहिली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि महिन्याभरात उजवं गळून पडलं. त्यात पावसाळा. रेनकोटची पँट मी बुटाच्या आत खोचली होती, तिच्यावरून निथळलेलं पाणी सरळ आत गेलं. पाणी आत येऊ न देणारा बूट आत शिरलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. पाली दरवाज्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला ते आत हेलकावत होतं.

या सगळ्यापेक्षा मोठी चूक मात्र माझ्या पायांबाबत नव्हतीच. इतकी वर्षं मी स्वतःच्या बुटांवर पैसे घालत होतो आणि मागे बायको चपला घालून बसत होती. एकदा नसरापूर फाट्याला चहाला थांबलो, डावीकडे चिखल होता म्हणून ती उजवीकडून उतरली, आणि तिची पोटरी सायलेन्सरला चिकटली. मी घाबरून जवळच्या दुकानातून टूथपेस्ट आणून लावली. तेही चुकलं. लगेच वाहत्या गार पाण्याखाली पाय धरायला हवा होता, पंधरा-वीस मिनिटं. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "तू स्वतःच्या पायांचं एवढं बघतोस, माझे दिसत नाहीत का?" चार बोटं रुंदीचा तो डाग अजून आहे. मला तो रोज दिसतो.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून दुकानात गेलो, संध्याकाळी सातला, जाड मोजे घालून. आता काय हवं ते पक्कं होतं. घोटा झाकेल एवढी उंची, घोट्याच्या दोन्ही बाजूंना आत कडक कप, नाडीऐवजी चेन आणि वर वेल्क्रोची पट्टी, फूटरेस्टवर अडकेल अशी टाच. बूट पुढे वाकला पाहिजे, बाजूला पिळला तर पिळता कामा नये. हे मी दोन्ही हातांनी पिळून बघितलं, दुकानदार काय म्हणतोय तिकडे लक्ष न देता. जिना तीनदा चढलो-उतरलो आणि खाली लावलेल्या गाडीवर बसून गिअर टाकून पाहिले. तिनेही तसंच केलं, फक्त बूट पोटरीपर्यंतचे निवडले. मेकॅनिककडून गिअरचा दांडा एक दाता वर सरकवून घेतला, पाच मिनिटांचं काम.

हे बूट घालून कामावर दिवसभर वावरता येतं, बाजार होतो, लेण्यांपर्यंतची सोपी चढण होते. राजगडासाठी ते नाहीत, हे मी मान्य केलंय. गडावर जाताना ट्रेकिंगचे बूट डिकीच्या बॅगेत असतात. गुंजवण्याला गाडी लावली की झाडाखाली बसून आम्ही दोघं बूट बदलतो आणि गाडीचे बूट ओळखीच्या घराच्या ओसरीवर ठेवून वर निघतो.

परवा उतरून आलो तेव्हा त्या घरातल्या आजींनी आमचे चारही बूट पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून आत सरकवून ठेवले होते. माझ्या डाव्या बुटावर गिअर घासून काळा डाग पडलाय. तो चिखल समजून त्यांनी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होता. "निघत नाही रे बाबा," म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू द्या आजी, तो गिअरचा आहे."