अण्णांचा फोटो

आमच्या पाटोद्याच्या घरात अण्णांचा एकच फोटो. मांजरा ज्या बालाघाटात उगम पावते, त्या डोंगरात पाऊस बेताचाच. पोट भरायला दिवाळी झाली की अण्णा कोयता बांधून ऊसतोडीला जात. स्टुडिओत बसायला सवड कुठली? एकदाच कधीतरी बसले, आणि तो फोटो आईने पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपला. तरी ओल शिरायची ती शिरलीच. फेट्याचा एक कोपरा गेला.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, उरलाय तो तरी वाचवू." त्याने फोटो स्कॅन केला आणि घरच्या माणसांसाठी केलेल्या वेबपानाच्या डेटाबेसमध्ये ठेवला. मला वाटले, तिथे लहानसा फोटोच पडून असेल. तो हसला. "तिथे शून्यापासून २५५ पर्यंतचे नुसते आकडे आहेत. पानावरही चित्र नसते, आजोबांचा क्रमांक तेवढा असतो. पान उघडले, की ब्राउझर तो क्रमांक सर्व्हरला सांगतो, सर्व्हर डेटाबेसमधून आकडे काढून देतो, आणि चित्र तेव्हाच उभे राहते."

आईला शेजारी बसवून त्याने आधी त्या क्रमांकाचा पत्ताच उघडला. अण्णा आले नाहीत. आल्या त्या प्रश्नचिन्हांच्या, चौकटींच्या, कोणालाच वाचता न येणाऱ्या अक्षरांच्या ओळी.

आई म्हणाली, "असू दे रे. दिवाळी झाल्यावर ते घरात सापडायचे कुठे!"

आकडे मात्र सारे शाबूत होते. पाठवताना सर्व्हरने आधी सांगायला हवे होते, की हे जेपेग जातीचे चित्र आहे. त्याऐवजी 'हा मजकूर आहे' असे सांगितले गेले, आणि ब्राउझर बिचारा अण्णांना अक्षरे समजून वाचीत बसला. पुतण्याने ती एक ओळ सुधारली. अण्णा आले, कोपरा गेलेल्या फेट्यासह. ओठ मिटलेले, नजर करडी.

"अजून रागावलेलेच दिसतात," मी म्हणालो.

"राग कसला?" आई म्हणाली. "तू चौथी पास झालास ना, त्या दिवशीचा आहे हा. मास्तरांना पेढे देऊन येताना काढला. हसू आवरत नव्हतं, म्हणून ओठ दाबून बसले होते."

मी बराच वेळ काही बोललो नाही. तो चेहरा मी जन्मभर राग म्हणूनच वाचीत आलो होतो.

पुतण्याने अण्णांच्या क्रमांकापुढे एक नवा रकाना केला आणि आईचे वाक्य जसेच्या तसे त्यात लिहिले.