पाठमोरा माणूस

विद्यार्थ्यांनी केलेल्या थ्रिलरची सुरुवात बहुतेक वेळा एका पाठमोऱ्या माणसापासून होते. अंगात हूडी, पायात जड बूट, हातात काहीतरी चकाकणारं. मागे पार्किंगचा बेसमेंट नाहीतर कॉलेजचा रिकामा जिना. मग एक मुलगी वळून बघते, पळते, धापा टाकते, पडदा काळा होतो आणि सिनेमाचं नाव येतं. माणूस कोण, मुलगी कोण, जागा कुठली, तो तिच्या मागे का लागला, यांतलं काहीही कळलेलं नसतं, आणि करणाऱ्यांची समजूत अशी की कळलं नाही म्हणूनच प्रेक्षक घाबरला. माझं म्हणणं याच्या उलट आहे. सलामीत भीती उभी राहते ती सांगितलेल्या गोष्टींच्या जोरावर. लपवलेली गोष्ट फार तर कुतूहल जागं करते, आणि तेही आधी काही सांगितलं असेल तरच. हात कापायला लागल्यापासून कॅमेरा मी मुलांच्या हाती दिला आहे आणि माझ्या वाट्याला उरलं आहे ते कागदावरचं शॉट डिव्हिजन, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच छळतो. कॅमेरा खांद्यावर असताना कच्चा प्रसंगसुद्धा नुसत्या चालीवर तोलून धरता येई, आणि तो तोल आपल्याला साधतो याची मला घमेंड होती. ती अजून गेलेली नाही. कागदावर ती सोय नाही. ‘कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो’ असं लिहिलं की त्याच ओळीत दिसतं, पुढे सरकून त्याला काय सापडणार हे अजून कोणी ठरवलेलंच नाही.

मुळात हा प्रकारच विचित्र आहे. ब्रिटनमधल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजमध्ये बरीच वर्षं असं एक प्रात्यक्षिक होतं: एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. त्याआधी सराव म्हणून एक पात्र दार उघडून खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर बसतं आणि दोघं दोन वाक्यं बोलतात, एवढं चित्रित करायचं. विषय थ्रिलरचाच हवा असं बंधन नव्हतं, पण थ्रिलरला ना पोशाख लागतो ना सेट, त्यामुळे मुलं तिकडेच वळत. आपल्याकडच्या मास मीडियाच्या वर्गांतही अशीच कामं दिली जातात. म्हणजे ज्याचा उरलेला सिनेमा कधीच होणार नाही अशा सिनेमाची सुरुवात करायची. इथेच खोट येते. पूर्ण सिनेमाची सलामी ही उधारी असते. सुरुवातीला जे राखून ठेवलं ते शेवटापर्यंत फेडावं लागतं. विद्यार्थ्याला फेडायचं नसतंच, म्हणून तो हवं तेवढं उचलतो. खुनी कोण हे त्याने लपवलेलं नसतं, त्यालाच ते ठाऊक नसतं. आणि हे पडद्यावर कळतं. ठाऊक असणारा दिग्दर्शक कॅमेरा एखाद्या वस्तूपाशी थांबवतो. ठाऊक नसणाऱ्याला कुठेच थांबता येत नाही, म्हणून तो कॅमेरा हलवत राहतो.

हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण इतकं घासलं गेलं आहे की ते सांगताना संकोच वाटतो. तरी त्यातला हिशेब बघण्यासारखा आहे. बॉम्ब प्रेक्षकाला न दाखवता उडवला तर पंधरा सेकंदांचा दचका मिळतो. आधी दाखवला तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो, आणि टेबलावरच्या रटाळ गप्पासुद्धा जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. ऑर्सन वेल्सने ‘टच ऑफ इव्हिल’ (1958) याच हिशेबावर उघडला. पहिल्याच चौकटीत हातांत बॉम्ब आहे, टायमर फिरवला जातो, बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो आणि पुढची सुमारे सव्वातीन मिनिटं क्रेनवरचा कॅमेरा एकाही कटाशिवाय ती मोटार, सीमेवरचं गाव आणि पायी चाललेलं एक नवविवाहित जोडपं यांच्याबरोबर फिरतो. मोटार आणि जोडपं कधी जवळ येतात, कधी लांब जातात. मुलांना या शॉटमध्ये क्रेन दिसते, आता तीच गोष्ट गिंबलवर करू म्हणून ती निघतात, आणि बॉम्ब घरी विसरतात. बॉम्ब काढून टाकला तर तो शॉट म्हणजे एका गावाचं छानसं दर्शन आहे. बॉम्ब कोणी ठेवला हे वेल्स सांगत नाही, पण तो आहे, कुठे आहे आणि त्याला किती वेळ आहे, हे तिन्ही सांगून मोकळा होतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: थोरांनीही चेहरे लपवले आहेत. लपवले आहेत, पण ते काय सांगून झाल्यावर, हे मोजायला हवं. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (1931) खुनी प्रथम येतो तो नुसती सावली म्हणून. मात्र त्याआधी अंगणातली मुलं खुन्याचंच गाणं म्हणत ‘राज्य कोणावर’ खेळून झालेली असतात, एक आई जेवणाची तयारी करत लेकीची वाट बघते आहे हे कळलेलं असतं, आणि ती लेक रस्त्यात ज्या खांबावर चेंडू आपटते त्यावर बालहत्या करणाऱ्याला पकडून देण्याबद्दल दहा हजार मार्कांच्या बक्षिसाची जाहिरात लावलेली असते. सावली पडते ती त्या जाहिरातीवर. शहरात काय चाललं आहे, आता बळी कोण जाणार, कोणाच्या घरी ताट रिकामं राहणार, सगळं हातात दिलेलं आहे. राखून ठेवला आहे तो फक्त चेहरा. ‘हॅलोवीन’ (1978) आपल्याला थेट खुन्याच्या डोळ्यांमागे बसवतो आणि शेवटी मुखवटा निघतो तेव्हा समोर सहा वर्षांचा पोरगा उभा असतो. उचललेली उधारी दिग्दर्शक कार्पेंटरने त्याच सलामीत फेडली. मुलं डोळ्यांमागचा कॅमेरा घेतात, मुखवटा घेतात, पोरगा घेत नाहीत. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (2018) मात्र खरोखर माझ्या विरोधात जाणारा दाखला आहे. कोबीच्या मळ्यात ससा, त्याच्या मागे बंदूकवाला, आणि याचा कथेशी काय संबंध हे सिनेमा संपत आला तरी कळत नाही. पण राघवनकडे सशाला परत आणायला दोन तासांहून जास्त वेळ आहे. दोन मिनिटांत आटपणाऱ्याने तेवढ्या मुदतीचं कर्ज काढायचं कशाच्या तारणावर?

सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे ते ‘सेव्हन’ (1995) या सिनेमाच्या श्रेयनामावलीने. कायल कूपरचं काम अप्रतिम आहे यात वाद नाही. ब्लेडने सोललेली बोटं, सुईदोऱ्याने शिवलेल्या वह्या, ओरखडल्यासारखी थरथरती अक्षरं. गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे विद्यार्थी टेबल-लॅम्पखाली फोटोतले चेहरे कापत बसले आहेत. ही नामावली काहीच सांगत नाही तरी अंगावर येते ना, असं मला विचारलं जातं. पण ती सिनेमाच्या आरंभी येत नाही! त्याआधी काही मिनिटं निवृत्तीला टेकलेला डिटेक्टिव्ह सॉमरसेट आपण बघितलेला असतो: त्याची टापटीप, एका खुनाच्या जागी त्याने विचारलेला प्रश्न, नवा जोडीदार, रात्री झोपण्यासाठी त्याने लावलेला मेट्रोनोम. एका शहाण्या माणसाच्या शांततेची ओळख झाल्यावर तो वह्यांचा ढीग येतो. आपल्या भाषेतला दाखला हवा असेल तर नारायण धारप वाचावेत. त्यांच्याकडे घर आधी राहतं असतं, तिथे जेवणखाण, येणंजाणं चाललेलं असतं, आणि मग त्यात काहीतरी शिरतं.

तर सांगायचं कसं, हा खरा चिवट प्रश्न आहे, आणि त्यावर मी इतके कागद खराब केले आहेत की घरचे हसतात. समजा, पेठेतल्या जुन्या इमारतीत एकटी राहणारी एक मुलगी. दाराला बाहेरून कडी आहे. ती घरात असताना कोणीतरी बाहेरून कडी घालतं. तिला पत्ता नाही, आपल्याला आहे. आता ती चहा करो, फोनवर बोलो, कपडे वाळत घालो, आपण तिच्या दाराकडे जाण्याची वाट बघत राहणार. हाच मराठी घरातला बॉम्ब. अडचण एकच: कडी लागली हे दाखवायचं कसं? कडीवर हात असा क्लोजअप घेतला की पुन्हा तो पाठमोरा माणूस आलाच, नुसता हात होऊन. लांबून पॅसेज दाखवला तर निम्म्यांना कळत नाही. माझं उत्तर असं की हात दाखवूच नये. मुलगी जिना चढून येते, पिशवी गुडघ्यावर तोलत कुलूप काढते, कडी सरकवते, आत जाते. हे पॅसेजमध्ये ठेवलेल्या ट्रायपॉडवरून, दार मधोमध घेऊन, शांतपणे दाखवावं. कडी तेव्हा निरागस असते. मग आत स्वयंपाकघर, मिक्सर सुरू. आणि मग बाहेरची तीच चौकट, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सवर, पॅसेजमध्ये कोणी नाही, कडी लागलेली. पहिली चौकट दुसरीचा अर्थ आधीच शिकवून ठेवते. मिक्सरमुळे तिला ऐकू आलं नाही हेही पटतं.

या दुसऱ्या चौकटीची लांबी हे माझं वेड आहे. कमी ठेवली तर ती नुसती जोडणी वाटते, जास्त ठेवली तर दिग्दर्शक बोट दाखवतोय असं वाटतं. ठोस आकडा कोणी मागू नये; वर्गातल्या प्रोजेक्टरवर जे पुरेसं वाटतं ते फोनच्या पडद्यावर अपुरं पडतं. हल्ली मी असं लिहून देतो: चौकट चालू असतानाच आतला मिक्सर बंद होऊ दे. आवाज थांबला की डोळा आपोआप काहीतरी शोधू लागतो आणि त्याला कडी सापडते. सापडलेली गोष्ट आणि दाखवलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चित्रीकरणात मात्र या दोन चौकटींना फोन सहजासहजी जुळू देत नाही. उजेड कमी दिसला की तो आपणहून लेन्स बदलतो, एक्सपोजर उचलतो आणि काळोख्या पॅसेजची राखाडी भिंत करून टाकतो. लेन्स, फोकस, एक्सपोजर तिन्ही कुलूपबंद करायचं, दोन्ही चौकटी ट्रायपॉड न हलवता लागोपाठ घ्यायच्या, कथेत त्या कितीही लांब असोत. जेवणाची सुट्टी मध्ये आली की जाळीतून येणारं ऊन सरकतं आणि प्रेक्षकाचा डोळा कडीऐवजी उन्हावर जातो. हे मी इतक्या वेळा बजावतो की मुलं माझी नक्कल करतात. करोत. एखाद्याच्या कामात पुढे कुठेतरी तशी रिकामी चौकट दिसली की ती माझीच, असं मनातल्या मनात म्हणून घेण्याचं सुख मी सोडलेलं नाही.

आजच्या प्रेक्षकाला एवढा धीर नाही, तीन सेकंदांत त्याचा अंगठा पुढे सरकतो, असा एक आक्षेप मला पुन्हा पुन्हा ऐकवला जातो. मग त्याला तीन सेकंदांत काहीतरी सांगा की! वेल्सच्या सिनेमात बॉम्ब पहिल्या काही सेकंदांतच दिसतो. ‘सायको’ (1960) तर चक्क वार, तारीख आणि वेळ लिहून सुरू होतो: शुक्रवार, 11 डिसेंबर, दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं. भर दुपारी, कामाच्या वेळात, पडदे ओढलेल्या हॉटेलच्या खोलीत एक जोडपं आहे. यात लपवाछपवी कुठे आहे? माहितीइतकं झटपट पकडणारं दुसरं काही नसतं. धीर लागतो तो पाठमोऱ्या माणसाला, कारण तो वळेपर्यंत आपल्याला करण्यासारखं काही नसतं. वेब मालिकांनी यावर एक सोपी पळवाट काढली आहे: सुरुवातीलाच रक्ताचं थारोळं, मग पडद्यावर ‘तीन दिवस आधी’. हे सांगणंच आहे, असा युक्तिवाद माझ्यापुढे करण्यात आला आहे. पण इथे जे सांगितलं ते पात्रांना लागू व्हायला पुढचे तीन दिवस जावे लागतात; कडी आत्ता लागली आहे. शिवाय काही ठिकाणी आता पहिल्याच आठवड्यात ड्रोन शिकवतात आणि थ्रिलर म्हणून मुलं हिरव्या-नारिंगी रंगातला घाट घेऊन येतात, खाली भोंग्यासारखं संगीत. त्या शिक्षकांची लोकप्रियता मला खुपते, हे कबूल.

राहता राहिली नावं. वेल्सच्या त्या शॉटवर स्टुडिओने श्रेयनामावली आणि मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सने 58 पानांचं टिपण लिहून आपली हरकत नोंदवली, आणि पुढे 1998 मध्ये संकलक वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम सिनेमा पुन्हा जुळवला तेव्हा नावं गेली, संगीत गेलं, आणि दारूच्या गुत्त्यांतून, मोटारीच्या रेडिओतून येणारे आवाज वर आले. अक्षरं वाचणारा प्रेक्षक बॉम्बकडे बघत नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे. हाच न्याय लावला तर आमच्या कडीच्या सिनेमात नावांना जागा मिळते ती मुलगी जिना चढते तेवढीच, आणि गटात तर पाच-सहा जण असतात. त्यावरून जी भांडणं होतात त्यांत मी पडत नाही. दिग्दर्शकाचं नाव कुलपावर येऊ द्यायचं नाही, एवढ्यापुरताच माझा हट्ट.