कपाळावरचा ‘अ’

इसवी सन ११८१-८२मध्ये जपानच्या तेव्हाच्या राजधानीत, क्योतोत, लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला आणि त्यातच साथ आली. रस्त्याच्या कडेला, नदीच्या पात्रात प्रेतं साठली. निन्ना-जी मठातल्या र्‍युग्यो नावाच्या भिक्षूला ते पाहवेना. दिसेल त्या प्रेतापाशी तो थांबे आणि त्याच्या कपाळावर एक अक्षर लिही : ‘अ’. आपलाच ‘अ’, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. ना कुणाचं नाव ठाऊक, ना अंत्यसंस्काराला कुणी उरलेलं. अशा मृताला बुद्धाशी जोडून देण्याचा एवढाच उपाय त्या भिक्षूच्या हाती होता. मेले तरी किती, हेही त्याला कळायला हवं होतं. म्हणून त्याने मोजदाद ठेवली. चौथा आणि पाचवा अशा दोन महिन्यांत, राजधानीच्या केवळ पूर्वेकडच्या भागात, आकडा ४२,३००च्या वर गेला.

हे आपल्यापर्यंत पोचलं ते कामो नो चोमेई या कवीमुळे. त्याचं ‘होजोकी’ हे अनित्यतेवरचं छोटंसं पुस्तक १२१२ सालचं. जपानमधल्या अनित्यतेविषयी बोलणं निघालं की आपल्याकडे लगेच साकुरा येतो. आठवड्याभरात गळून जाणारी फुलं, त्यांच्याखाली बसलेली माणसं, सहलींच्या जाहिराती. त्या फुलांचं सौंदर्य खरंच आहे, आणि त्यामागची जाणीवही खोटी नाही. पण क्षणभंगुरतेचा असा गोड घोट मला पुरेसा वाटत नाही. ती जाणीव किती किंमत मोजून आलेली असते, हे मला चोमेईने दाखवलं.

तो आधी पाहतो, मग बोलतो. ११७७च्या आगीचं वर्णन करताना ती कुठल्या दिशेला लागली, वारा कसा होता, जळालेला पट्टा उघडलेल्या पंख्यासारखा कसा रुंदावत गेला, हे तो सांगतो. त्या रात्री राजधानीचा तिसरा हिस्सा गेला. दुष्काळात सरपणाच्या मोळ्यांमध्ये त्याला शेंदरी रंगाचे, सोन्याच्या वर्खाचे तुकडे दिसतात. चौकशी केल्यावर कळतं, की लोक जुन्या देवळांत शिरून बुद्धमूर्ती चोरतात आणि फोडून जळणासाठी विकतात. आणि मग ती गोष्ट, जी वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं : ज्यांची माया अधिक ते आधी मेले. मिळालेला घास ते आपल्या माणसाच्या तोंडात घालत. त्यामुळे आईबाप आणि मुलं जिथे एकत्र होती, तिथे आईबापच आधी गेले. सगळं नश्वर आहे असं नुसतं म्हणणाऱ्याला हे दिसलं नसतं. त्यासाठी प्रत्येक घरात डोकावावं लागतं.

११८५च्या भूकंपानंतरचं त्याचं निरीक्षण तर आजही झोंबतं. काही दिवस लोक जगाच्या निःसारपणाबद्दल बोलत राहिले, मनं जरा निवळल्यासारखी वाटली. वर्षं उलटली तसं भूकंपाचं नावही कुणी काढेना. २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या लाटेत, आपण रोज एकमेकांना काय काय म्हणत होतो, ते आठवून पाहावं. आता त्यातलं किती बोललं जातं?

साठीच्या सुमारास चोमेई हिनोच्या डोंगरात राहायला गेला. जेमतेम दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी झोपडी. सांधे कड्यांनी जोडलेले, म्हणजे जागा नकोशी झाली तर सगळं उकलून दोन गाड्यांत भरून नेता यावं. आत अमिताभ बुद्धाचं चित्र, काही ग्रंथ, बिवा आणि कोतो ही वाद्यं. डोंगराची राखण करणाऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा अधूनमधून येई, मग हे दोघे रानात भटकत, फळं-कंद गोळा करत. हा भाग इतका प्रसन्न आहे, की वाचणाऱ्याला वाटतं, सुटला हा माणूस.

आणि तिथेच तो स्वतःला पकडतो. कशातही गुंतू नको, ही बुद्धाची शिकवण. आणि मला ही झोपडी आवडते, ही शांतता आवडते, मग हाही मोहच नाही का? वैशालीच्या विमलकीर्ती या बुद्धाच्या गृहस्थ उपासकाची खोली अशीच लहान होती म्हणतात. तू त्याच्यासारखं घर बांधलंस, पण मन? या प्रश्नाला त्याचं मन उत्तर देत नाही. तो जिभेला कामाला लावतो, दोन-तीनदा अमिताभाचं नाव घेतो आणि पुस्तक संपवतो.

मला हा शेवट जपानी साहित्यातल्या सगळ्या गळत्या पाकळ्यांपेक्षा मोठा वाटतो. घरं, माणसं, राजधान्या नाशवंत आहेत हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. आपली विरक्तीसुद्धा भरवशाची नाही, हे लिहून ठेवायला निराळंच धैर्य लागतं.

‘होजोकी’ तासाभरात वाचून होतं. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. मात्र वाचाल तेव्हा डोंगरातल्या झोपडीकडे जायची घाई करू नका. आग, दुष्काळ आणि भूकंप ही पानं आधी सावकाश वाचा.