मांडी घालून बसणारा कॅमेरा

व्हिडिओसाठी कॅमेरा घ्यायचा ठरला की लोक आधी किंमत बघतात, मग मेगापिक्सेल, आणि मग कुणा ओळखीच्याला फोन करतात. असे फोन मलाही येतात. लहानसा मिररलेस हवा आहे, हातात धरूनच शूट करायचं आहे, चित्र हलायला नको, कुठला घेऊ? मी उलट विचारतो, कॅमेरा घेऊन तुम्ही बसणार कुठे? समोरचा क्षणभर गप्प होतो. पण इतक्या वर्षांत जे कॅमेरे माझ्या हातातून गेले, त्या सगळ्यांनी मला याच प्रश्नाशी आणून सोडलं आहे.

मी पाहिलेला पहिला व्हिडिओ कॅमेरा लग्नातला. त्या काळी आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे व्हिडिओवाला म्हणजे खांद्यावर व्हीएचएसचं धूड, शेजारी हॅलोजन उंच धरून उभा असलेला पोरगा आणि दोघांच्या मागे मांडवभर फिरणारी वायर. मंगलाष्टकं सुरू झाली की पाहुण्यांना नवरा-नवरी कमी आणि या दोघांच्या पाठी जास्त दिसत. नवरीचे डोळे हॅलोजनने दिपलेले असत. तरी त्या कॅसेटी आज लावून बघितल्या तर एक गोष्ट मान्य करावीच लागते. चित्र जागचं हलत नाही. कॅमेरा खांद्यावर, डोळा व्ह्यूफाइंडरला टेकलेला, आणि वजन इतकं की हाताच्या बारीक थरथरीला ते हलवणं शक्यच नव्हतं. त्या काळात स्थिर चित्र वजनातून मिळत होतं, आणि वजनासोबत मांडवात अडवलेली जागाही आलीच.

सोनीचा पहिला हॅन्डीकॅम 1985 सालचा. आमच्या घरात हॅन्डीकॅम आला तो नव्वदीच्या अखेरीस, आखातात नोकरी करणाऱ्या मामाच्या बॅगेतून. तळहातावर मावणारा, बाजूला उघडणारा छोटा पडदा. लग्नाच्या कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करून ताठ बसणारी माझी आजी या कॅमेऱ्यासमोर खोबरं खवत खवत बोलत राहिली. विळीवर बसलेली, करवंटी फिरवणारे हात, मधेच कावळ्याला हाकलणं, मधेच लग्नाआधीच्या माहेरच्या गोष्टी. मोठा कॅमेरा आणि दिव्याचा झोत असता तर यातलं काहीच मिळालं नसतं. मात्र ते चित्र सतत थरथरतं. तिच्या हातांजवळ जायला झूम केलं की थरथर दुप्पट-तिप्पट होते, कारण हात हलतो तेव्हा कॅमेऱ्याचा कोन बदलतो आणि लेन्स जितकी लांबची, तितका तोच कोन पडद्यावर मोठा दिसतो.

कॅमेरे हलके झाले आणि कंपनं थांबवण्याची विद्या त्याच काळात वाढली, हा योगायोग नव्हे. वजनाने जे काम फुकट केलं होतं ते आता यंत्राला करावं लागणार होतं. 1988 मध्ये पॅनासॉनिकने इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण असलेला घरगुती कॅमकॉर्डर आणला. 1995 मध्ये कॅननने एसएलआरसाठी अशी झूम लेन्स काढली की जिच्या आतला एक भिंगगट हाताच्या उलट दिशेला सरकत असे. मग 2003 मध्ये मिनोल्टाच्या डायमाज ए 1 या कॅमेऱ्यात लेन्सऐवजी सेन्सरच हलायला लागला. आणि 2012 मध्ये ऑलिम्पसचा ओएम-डी ई-एम 5 आला, पाच अक्षांवर सेन्सर सावरणारा पहिला मिररलेस.

हे पाच अक्ष एकदा समजून घेतले की निवड सोपी होते. कॅमेरा मान हलवावी तसा वर-खाली कलतो, डावी-उजवीकडे वळतो, आणि क्षितिजरेषा तिरकी होईल असा स्वतःभोवती गोल फिरतो. हे तीन. शिवाय तो न कलता नुसता आडवा सरकतो किंवा उभा सरकतो. हे दोन. आतले जायरो आणि अॅक्सेलरोमीटर ही हालचाल ओळखतात, आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्यांच्या जोरावर अधांतरी तोललेला सेन्सर तितकाच उलट सरकतो. असे अनेक कॅमेरे बंद असताना हलवले तर आत काहीतरी खुळखुळतं. दुकानात पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस दचकतो, पण तो मोकळा सोडलेला सेन्सर असतो. कॅमेरा चालू केला की खुळखुळ थांबते आणि अगदी कान लावला तर बारीक घूं ऐकू येतं.

पण हे सगळं मला कळलं ते गरज पडल्यावर, आणि ती गरज दशावताराने निर्माण केली.

दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्याची लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, पात्रं ठरलेली, बाकी संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतील तसे. समोरच्या नटाने टाकलेल्या वाक्याला दुसरा काय उत्तर देतो, पेटीवाला कुठल्या सुरात त्याला उचलून धरतो, मृदंग कुठे थांबतो, हे त्या रात्रीपुरतं असतं. दुसऱ्या गावच्या जत्रेत तेच आख्यान लावलं तरी ते वेगळं होतं. म्हणून मला ते टिपावंसं वाटू लागलं. तेव्हा माझ्याकडे डीएसएलआर होता. कॅननच्या 2008 सालच्या फाइव्ह डी मार्क टू नंतर आम्हा सगळ्यांनाच अशा कॅमेऱ्यांच्या व्हिडिओचं वेड लागलं होतं. त्यात एक मोठी अडचण असते. व्हिडिओ करताना आरसा वर गेलेला असतो, त्यामुळे डोळ्याला लावून बघता येत नाही. कॅमेरा हातभर पुढे धरून मागच्या पडद्यात बघावं लागतं. टेकू गेला की थरथर आली. गळ्यातला पट्टा ताणून धरायची युक्ती थोडा वेळ चालते, रात्रभर नाही. म्हणून मी ट्रायपॉड नेला.

देवळाच्या समोरच्या मांडवात तो उभा केला, बरोबर मधोमध. राजाचं बाकडं नीट चौकटीत आलं. आणि मागून आवाज आला, ‘रे झिला, तो स्टँड जरा बाजूक घे, माका काय दिसणा नाय.’ घोंगडी अंगावर घेऊन बसलेले एक आजोबा होते. त्यांच्या शेजारी बायका, मांडीवर झोपलेली मुलं. सगळे जमिनीवर, आणि त्यांच्या नजरेच्या बरोबर मधे तीन पायांवर माझा कॅमेरा. लग्नातल्या त्या व्हिडिओवाल्याची जागा मी घेतली होती. स्टँड बाजूला नेला तर रंगमंच तिरका दिसतो, मागे नेला तर डोक्यांवरून लांबची लेन्स लावावी लागते, आणि नटाच्या चेहऱ्यावरचं काही हाती लागत नाही. पुढच्या रांगेत लोकांमध्ये मांडी घालून बसायचं, ही एकच जागा बरोबर होती. तिथे ट्रायपॉड मावत नाही, आणि मावायलाही नको.

मधल्या काळात मोबाइल आणि गिम्बलही वापरून पाहिले. गॅरेट ब्राउन यांनी चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेरा स्थिर ठेवणारा स्टेडिकॅम शोधला, आणि 1976 च्या ‘रॉकी’त पायऱ्यांवरून धावणाऱ्या नायकाबरोबर कॅमेराही तरंगत गेला. गिम्बल ही त्याच स्वप्नाची लहान आवृत्ती. ज्याला चालत, पळत, कुणाच्या मागोमाग जात शूट करायचं आहे त्याने गिम्बलच घ्यावा. चालताना शरीर प्रत्येक पावलागणिक काही सेंटिमीटर वर-खाली होतं आणि सेन्सरला हलायला जागा असते काही मिलिमीटरची. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा ते गणित बदलू शकत नाही. पण मला चालायचं नव्हतं. मला बसून बघायचं होतं.

मोबाइलचं दुखणं वेगळं. दिवसा त्याचं चित्र थक्क व्हावं इतकं स्थिर असतं. त्यातला बराचसा भाग इलेक्ट्रॉनिक कामाचा, म्हणजे आधी हललेली चौकट टिपायची, मग कडा कापून तिला जागेवर आणून बसवायची. रात्री उजेड कमी असतो, म्हणून प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी राहते, आणि तेवढ्या वेळात हात हलला की त्या चौकटीच्या आतच चित्र फरफटतं. नंतर चौकट कितीही सरळ बसवा, फरफट आत तशीच राहते. दिव्याचा ठिपका जागेवर असतो पण मधूनच धूसर होऊन थरथरतो. सेन्सर सावरणारा कॅमेरा चौकट उघडी असतानाच हालचाल खोडून काढतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा, ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे त्या तालावर लुकलुकतात, म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं. एवढा वेळ रात्रीच्या मांडवात हातावर सांभाळायचा तर सेन्सरच सावरणारा हवा. माझा निर्णय इथे झाला.

मग शोधाशोध. सोनीचा ए 6400 ऑटोफोकसमध्ये फार पुढचा, पण त्याच्या बॉडीत स्थिरीकरण नाही. ते ए 6600 मध्ये आहे, वजन 503 ग्रॅम. फुजीफिल्मचा 2020 सालचा एक्स-एस 10 हातात घेतला तर सोडवत नाही इतकी त्याची पकड खोल, रंग सुंदर, वजन 465 ग्रॅम. मी घेतला तो पॅनासॉनिकचा 2016 सालचा ल्युमिक्स जीएक्स 85, तोही वापरलेला. बॅटरी आणि कार्डासकट 426 ग्रॅम, त्यावर 12-32 मिलिमीटरची 70 ग्रॅमची चपटी लेन्स. 4के व्हिडिओ, पाच अक्षांचं स्थिरीकरण, आणि वर उचलला जाणारा पडदा, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून बघता येतं. त्याचा सेन्सर लहान आहे, सुमारे 17 बाय 13 मिलिमीटर. लोक याला उणेपणा म्हणतात, आणि अंधारात तो आहेच. पण लहान सेन्सर हलका असतो, त्याला सावरणं सोपं, आणि त्यासाठीच्या लेन्सही लहान होतात. बाहेरचा माइक जोडायची सोय त्यात नाही. मी पेटीवाल्याच्या पायांपाशी वेगळा रेकॉर्डर ठेवतो आणि घरी दोन्ही जुळवतो. आवाज कॅमेऱ्यापेक्षा तिथूनच चांगला येतो.

एका मुक्कामी रंगपटात बसायची परवानगी मिळाली. शाळेची खोली, छताला एक बल्ब. नट ओळीने जमिनीवर बसलेले, प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा. दशावतारी नट आपलं तोंड आपणच रंगवतो. माझ्या समोरचे काका स्त्रीपार्ट करणारे होते. दिवसभर शेतात काम केलेला माणूस, नखांत अजून माती. उजव्या हाताच्या करंगळीने ते डोळ्याखाली काजळाची रेघ ओढत होते, आणि रेघ ओढताना त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला. कोपरं गुडघ्यांवर, पट्टा मानेवर ताणलेला, 15 मिलिमीटरची उजळ लेन्स. त्या पूर्ण रेघेत चौकट हलली नाही. बघताना करंगळीचं बारीक कापणं दिसतं, आणि ते त्यांचंच आहे, माझं नाही, हे स्पष्ट कळतं. स्थिरीकरणाचा खरा उपयोग मला तिथे समजला. कॅमेऱ्याची थरथर गेली की समोरच्या माणसाची थरथर दिसू लागते. आजीच्या त्या जुन्या चित्रात करवंटीवरचा तिचा हात किती कापत होता, हे मला कधीच सांगता येणार नाही.

मृदंगाच्या बोटांसाठी मी मामाचीच फिल्मच्या जमान्यातली 50 मिलिमीटरची लेन्स लावतो. अडॅप्टरवर बसवली की कॅमेरा सुरू होताना विचारतो, लेन्स किती मिलिमीटरची? आकडा भरला की तिलाही सेन्सर सावरून धरतो. जी लेन्स बनली तेव्हा ही कल्पनाही नव्हती, ती हातात धरून बोटांच्या इतक्या जवळ जाता येतं. फोकस मात्र हातानेच, त्यामुळे नजर वाजवणाऱ्यावर खिळून राहते.

काही गोष्टी यंत्रावर सोडता येत नाहीत. कॅमेरा हळू वळवायला लागलं की स्थिरीकरण आधी विरोध करतं आणि मग झटक्यात सोडून देतं. म्हणून मी वळवत नाही. राक्षस उजवीकडून आला तर चौकट रुंद ठेवून तो येईपर्यंत थांबतो. खूप रुंद लेन्स लावली तर कोपरे लिबलिबतात, म्हणून फार रुंदही नको. या मर्यादांनी माझं शूटिंग शांत केलं आहे, आणि मला ते तसंच हवं आहे.

आता 2023 चे सोनी ए 6700 आणि फुजी एक्स-एस 20 आहेत, ओएम सिस्टिमचा ओएम-5 आहे, पॅनासॉनिकचा फुलफ्रेम एस 9 आहे. प्रत्येक जण आपल्या जागी चांगला. निवडताना दुकानात उभं राहून बघू नका. खाली बसा, कोपरं टेकवा, कोपऱ्यातल्या एखाद्या वस्तूवर अर्धा मिनिट कॅमेरा धरा, दिवे कमी करायला सांगा, आणि मग ते चित्र मोठ्या पडद्यावर बघा. बॉडीत स्थिरीकरण आहे की नुसतं इलेक्ट्रॉनिक, ते आधी विचारा, कारण जाहिरातीत दोन्हींचं वर्णन सारखंच असतं.

आणि त्याहीआधी आपली जागा ठरवा. दशावतारातलं वाक्य त्या रात्रीपुरतंच असतं. ते टिपताना ती रात्र ज्यांची आहे त्यांना अडचण झाली, नटाला दिवा टोचला किंवा मागच्या आजोबांना दिसेनासं झालं, तर टिपलेलं तेवढं उणं ठरतं. म्हणून कॅमेरा आधी लहान हवा, मग तो हातात स्थिर राहायला हवा, आणि बाकीचे सगळे आकडे त्यानंतर.