चप्पल निसटते ते कळतं का?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी मेडिसिनची परीक्षा जवळ आली की हॉस्टेलमध्ये प्रत्येकाच्या यादीत एक विषय तळाशी उरतो. हृदय, फुप्फुस, यकृत यांची उजळणी केव्हाच सुरू झालेली असते. मेंदू आणि मज्जासंस्था मात्र ‘न्यूरो नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलली जाते. या भीतीला नावही आहे. राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने १९९४ मध्ये तिला ‘न्यूरोफोबिया’ म्हटलं. पहिल्या वर्षी शिकलेलं मूलभूत शास्त्र आणि समोरचा रुग्ण यांची सांगड विद्यार्थ्याला घालता येत नाही, हे त्याने दिलेलं कारण. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकताना मी हेच रोज पाहत होते. फॉर्मलिनच्या वासात ट्रेमधला मेंदू हातात घेतो तेव्हा आपण अठरा-एकोणीस वर्षांचे असतो. अर्धांगवायूचा रुग्ण नीट तपासायची वेळ येते ती शेवटच्या वर्षात, आणि मधल्या काळात त्या ट्रेकडे कुणी फिरकलेलं नसतं.

मी उजळणी सुरू केली ती तीन रस्त्यांपासून. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मेंदू, ब्रेनस्टेम आणि मज्जारज्जू काढून त्यावर तीन रंगांच्या रेघा ओढल्या. हालचालीचा हुकूम खाली आणणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग लाल. त्यातले बहुतेक तंतू मेड्युलाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. सांधा कुठे आहे हे सांगणारी जाणीव आणि कंपाची जाणीव वर नेणारा पोस्टेरियर कॉलम निळा. तो मज्जारज्जूत त्याच बाजूने चढतो आणि मेड्युलात पोचल्यावर पलीकडे जातो. वेदना आणि थंड-गरम नेणारा स्पायनोथॅलॅमिक हिरवा. त्याचे तंतू मज्जारज्जूत शिरल्यापासून एक-दोन खंडांतच बाजू ओलांडतात.

एवढ्या तीन रेघा पक्क्या झाल्या की मज्जारज्जू एका बाजूने अर्धा कापला गेला तर काय होईल, हे पाठ करावं लागत नाही. जखमेच्या खाली त्याच बाजूचा पाय लुळा पडणार, त्याच पायाचा अंगठा वर आहे की खाली हे रुग्णाला डोळे मिटून सांगता येणार नाही, आणि सुई टोचलेली कळणार नाही ती मात्र दुसऱ्या पायाला. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राउन-सेकार यांचं नाव या चित्राला मिळालं आहे. पुस्तकात ते चौकटीत दिलेलं असतं आणि मुलं ती चौकट पाठ करतात. मला ते कॅलेंडरच्या पाठीवर रेघांवर बोट फिरवून काढता आलं, तेव्हा हा विषय मला मनापासून आवडू लागला. औषधांच्या मात्रा पाठच कराव्या लागतात, इथे उत्तर मांडणीतून निघतं.

पण कागदावरचं वॉर्डात आणलं ते आमच्या युनिटच्या मॅडमनी. राउंडला कुणी रुग्णाजवळ जाऊन हातोडी काढली की त्या म्हणायच्या, “खिशात ठेव ती. आधी विचार.” आणि विचारायचं काय, तर उकिडवं बसून उठताना हाताचा टेका लागतो का? फळीवरचा डबा काढता येतो का? हे जमत नसेल तर कंबर आणि खांद्याजवळचे स्नायू दुबळे झालेत, बहुधा आजार स्नायूंचाच. शर्टाचं बटण लागत नाही, भाकरीचा तुकडा मोडत नाही, तर दुबळेपणा टोकाकडचा आहे. मज्जातंतूंचा विचार कर. आणि मग त्यांचा सगळ्यांत लाडका प्रश्न: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली की कळतं का? निसटते पण कळतं, तर पाय दुबळा झालाय. निसटते आणि कळतच नाही, तर जाणीव गेली आहे. लाल रेघ की निळी रेघ, याचा निकाल हातोडीला हात न लावता एका चपलेवर लागतो. मला वाटतं, आपल्याकडच्या वॉर्डांत पिढ्यानपिढ्या विचारला गेलेला हा प्रश्न कुठल्याही आकृतीहून जास्त शिकवतो.

एक माळकरी बाबा त्या सुमारास भरती होते. गळ्यात तुळशीची माळ, जन्मभर शाकाहार, दूध-दहीही बेताचंच. मी चपलेचं विचारलं तर म्हणाले, “कवा निसटली कळतंच नाही बाई. मागं वळून बघावं लागतंय, कुठं राहिली म्हनून.” मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, “बाबा, सकाळी तोंडावर पाणी मारताना काय होतं?” बाबांनी लगेच सांगितलं, “झोक जातोय. एकदा पडलो की मोरीत.” डोळे उघडे असतात तोवर नजर पायांची उणीव भरून काढते, ते मिटले की शरीराला पाय कुठे आहेत हे सांगणारं कुणी उरत नाही. त्यानंतर आम्ही १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क त्यांच्या घोट्याच्या हाडावर ठेवला. त्यांना तो नुसता गार लागला, थरथर कळली नाही. सुई टोचलेली बरीचशी नीट कळत होती. घोट्याचा जर्क गेलेला, आणि तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा वर उचलला जात होता.

ही जोडी विलक्षण आहे. अंगठा वर जाणं म्हणजे लाल रस्त्याला इजा. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये एका अगदी छोट्या टिपणात ही खूण मांडली होती. पण लाल रस्ता बिघडला तर जर्क वाढायला हवेत, इथे घोट्याचा तर गायब होता. कारण परिघावरचे मज्जातंतूही बिघडले होते. निळा रस्ता, लाल रस्ता आणि परिघावरचे मज्जातंतू एकदम धरणारा आणि हिरवा रस्ता बऱ्याच अंशी सोडून देणारा आजार शोधायचा, तर ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेपाशी आपण आपोआप येऊन पोचतो. हे जीवनसत्त्व मिळतं प्राणिज अन्नातून. बाबांना इंजेक्शनं सुरू झाली. पुस्तकातलं ‘सबॲक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन’ हे लांबलचक नाव मी त्यानंतर वाचलं आणि ते आपसूक लक्षात राहिलं.

सगळ्यांत जास्त वेळ मी दिला तो एका अगदी चिमुकल्या जागेला, मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्याला. बरेच जण ती दोन पानं उलटून पुढे जातात. आमच्या भागात तसं करणं मला पटत नाही. पावसाळ्यात आयसीयूत मण्यार चावलेली माणसं येत राहतात, फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेले शेतकरी येतात, आणि हे सगळे रुग्ण त्या दोन पानांवरचेच असतात. म्हणून मी एकच मोठी आकृती काढली. मज्जातंतूचं टोक, त्यात ॲसिटिलकोलिनच्या पिशव्या, कॅल्शियम आत येण्याचा मार्ग, मधली फट, पलीकडे स्नायूवरचे रिसेप्टर आणि फटीतलं ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम. मग कोण कुठे घाव घालतं ते त्यावर लिहीत गेले. लॅम्बर्ट-ईटनमध्ये कॅल्शियमचा मार्ग अडतो. बोट्युलिनमच्या विषाने पिशव्या फुटत नाहीत. मण्यारीचं विष टोकच उद्ध्वस्त करतं. नागाचं विष पलीकडचे रिसेप्टर अडवतं. मायस्थेनियात तेच रिसेप्टर शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनी कमी होतात. कीटकनाशकातलं ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइम बंद पाडतं.

उपचारही याच आकृतीतून निघतात. नाग चावलेल्याला निओस्टिग्मिन दिलं तर फटीत ॲसिटिलकोलिन साठतं आणि अडलेल्या रिसेप्टरांशी झगडू शकतं, पापण्या उचलल्या जातात. मण्यारीच्या रुग्णात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ॲसिटिलकोलिन सोडणारं टोकच उरलेलं नसतं. सर्पदंशावरचं प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, मोडलेलं टोक जोडत नाही. ते नव्याने वाढेपर्यंत व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवायचा. शेतकऱ्याला दिलेलं ॲट्रोपिन छातीतला स्राव आटवतं, पण स्नायूंचा दुबळेपणा ज्या रिसेप्टरांवर चाललेला असतो तिथे ॲट्रोपिन काम करत नाही. हे कळलं की बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा सुरू करू पाहणारं प्रॅलिडॉक्सिम कशासाठी, हेही कळतं.

विषाने शास्त्राचंही भलं केलं आहे. १९६३ मध्ये तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की त्याच्या मदतीने रिसेप्टर शोधता आणि मोजता आले, आणि मायस्थेनियाच्या रुग्णांत ते कमी असतात हे १९७३ मध्ये दाखवता आलं. आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं कामही मी याच वहीत लिहून ठेवलं होतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर दाखवलं की संदेश पुढे जातो तो सोडियम आत शिरल्याने, आणि सोडियमचा मार्ग पुन्हा मिटल्यावरच तो थांबतो. लाल विंचवाचं विष तो मार्ग नीट मिटू देत नाही. मग स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठतं, रक्तदाब चढतो, हृदय थकतं. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावताना पाहून बावस्करांनी प्राझोसिन वापरलं, आणि ते काम ‘लॅन्सेट’पर्यंत गेलं. परीक्षेच्या दृष्टीने हॉजकिन-हक्सली फिजिऑलॉजीत आणि विंचू मेडिसिनमध्ये. माझ्या वहीत ते एकाच पानावर आहेत, आणि तेच त्यांचं खरं ठिकाण आहे.

ही आकृती काढली त्याच आठवड्यात आयसीयूत एक तरुण बाई आली. जमिनीवर झोपलेली असताना पहाटे पोटात कळ आली, मग पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबत आलेला. अंगावर चाव्याची खूण शोधूनही सापडत नव्हती. मण्यारीत असंच होतं. व्हेंटिलेटरवर ती निश्चल पडलेली. बाहुल्या मोठ्या, उजेडाला प्रतिसाद नाही, डोळे हलत नाहीत. बाहेर नातेवाईक विचारत होते, मेंदू गेला का? मॅडम तिच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्हाला साप चावलाय. ऐकू येतंय ना? जमेल तेवढा पायाचा अंगठा हलवा.” अंगठा हलला. अगदी थोडा, पण आम्ही सगळ्यांनी पाहिला.

मॅडम आमच्याकडे वळून म्हणाल्या, “मेंदू ठणठणीत आहे. हुकूम निघतोय, पोचत नाहीये. हिच्या उशाशी जे बोलाल ते तिला कळणार आहे, तेव्हा नीट बोला. आणि तिला झोपेचं औषध, दुखण्याचं औषध द्यायला विसरू नका.” बाहुलीचे आणि डोळ्यांचे स्नायूही लुळे पडल्यावर बाहेरून मेंदूमृत्यूसारखं चित्र दिसतं. कुठे बिघडलंय हा प्रश्न तिथे विचारला नाही तर एका जिवंत, जाग्या माणसाचं यंत्र कुणी बंद करू शकतं. ती बरी होऊन चालत घरी गेली.

बाकीचं भराभर झालं. क्रेनियल नर्व्हज मी ब्रेनस्टेमच्या आकृतीवर जागेवार बसवल्या, यादी करून नाही. चेहरा वाकडा झाला असेल तर कपाळाला आठ्या घालायला सांगायचं. कपाळाला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून हुकूम मिळतो, म्हणून आठ्या पडत असतील तर बिघाड मेंदूत, पडत नसतील तर बिघाड फेशियल नर्व्हमध्ये. बेसल गँग्लियाच्या बाणांच्या आकृत्यांवर मी फार वेळ घातला नाही. पार्किन्सनचा रुग्ण चालताना नीट पाहणं मला जास्त उपयोगी वाटलं.

प्रॅक्टिकलला लाँग केस आली दोन्ही पाय गेलेल्या काकांची. मोंढ्यात हमाली करणारे, महिनाभर पाठीत दुखत होतं, मग पाय लाकडासारखे झाले. पायांत ताठरपणा, जर्क वाढलेले, दोन्ही अंगठे वर. सुईने वर-वर येत गेले तर बेंबीपाशी कळायला लागलं. मी त्यांना उशीवरून मान उचलायला सांगितली आणि पोटाकडे पाहिलं. बेंबी वर सरकली. खालचे पोटाचे स्नायू दुबळे, वरचे शाबूत. ही बीव्हर यांची खूण.

परीक्षक सरांनी विचारलं, “लेव्हल कुठली?”

“टी-१०, सर.”

“मग मणका कुठला?”

मज्जारज्जू पाठीच्या कण्याहून आखूड असतो, मोठ्या माणसात तो पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्याशीच संपतो. त्यामुळे छातीच्या खालच्या भागात मणक्याच्या आकड्यात तीन मिळवले की मज्जारज्जूचा खंड मिळतो. मी म्हणाले, “टी-७, सर. स्कॅप्युलाच्या खालच्या टोकाच्या रेषेत. तिथे हाताला थोडा उंचवटा लागतोय आणि दाबलं की दुखतंय.” सरांनी काकांना कुशीवर वळवून स्वतः तिथे बोट ठेवलं. काका कळवळले. मणक्याचा क्षयरोग आणि त्याने मज्जारज्जूवर आलेला दाब, हे निदान त्यानंतर अवघड नव्हतं. एमआरआय, औषधं, शस्त्रक्रिया केव्हा, लघवीचं काय, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय, असे प्रश्न होत गेले. शेवटी सर म्हणाले, “आता हे सगळं त्यांना सांग.”

मी काकांना सांगितलं की पाठीच्या एका मणक्याला टीबी झालाय, त्याच्या मागून जाणारी नस दाबली गेलीय, म्हणून पाय ऐकत नाहीत. पाय स्वतः बिघडलेले नाहीत. औषध पुरं घेतलं तर ताकद परत येण्याची चांगली आशा आहे, पण बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोती कवा उचलायची मग?”

“पाय आले तरी लगेच नाही, काका. आधी मणका भरून येऊ द्या. पुन्हा फोटो काढून डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि तेव्हाही शंभर किलोचं नाही.”