न फाटलेला बूट कधी बदलायचा?

आमच्या घरात चपला-बुटांचं आयुष्य ठरवायची एकच रीत होती. अंगठा बाहेर आला, तळाला भोक पडलं किंवा मोचीनं हात टेकले, की नवा जोड. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी पळायला लागले आणि काही महिन्यांनी पळणाऱ्यांच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, "ताई, तुमचे शूज संपलेत," तेव्हा मला काही उमगेना. वरची जाळी धड होती. शिवण कुठे उसवली नव्हती. टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर जरासं घासलं होतं, एवढंच. चांगला साडेपाच हजारांचा जोड. त्यात संपलं काय?

त्यांचं बोलणं उडवून लावता येत नव्हतं, कारण त्याच सुमारास माझ्या नडग्या दुखू लागल्या होत्या. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या मातीवर फारसं जाणवायचं नाही. पाषाण रस्त्यावरच्या डांबरावर पळून आलं, की मात्र दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ यायची. अंतर वाढवलं नव्हतं, वेगही नाही.

मग मी विचारत सुटले. दुकानदार म्हणाला, 500 किलोमीटर झाले की बदलायचे. ग्रुपमधली एक अनुभवी मैत्रीण म्हणाली, "छे, माझे हजार जातात." एका उत्साही मुलानं तर इतिहासच काढला. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, मग बुटाचं एवढं कौतुक कशाला? त्यावर काका शांतपणे म्हणाले, "अरे, त्याच बिकिलानं 1964 साली टोकियोत बूट घालून सुवर्णपदक मिळवलं." माझा गोंधळ दोन्ही बाजूंनी वाढला. 500, हजार की शून्य?

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो आमच्या चौकातल्या मोचीकडे. घासलेली टाच दुरुस्त होईल का, हे विचारायला मी बूट घेऊन गेले होते. त्यानं रबराकडे पाहिलंही नाही. बूट आडवा धरून बाजूचा पांढरा जाड थर अंगठ्यानं दाबला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "ताई, रबर सुटलं तर चिकटवतो, जाळी फाटली तर टाका मारतो. पण हा मधला फोम बसलाय. त्याला आमच्याकडं औषध नाही."

तेव्हा पहिल्यांदा मी त्या थराकडे नीट पाहिलं. पळण्याच्या बुटाचे ढोबळ तीन भाग असतात: वरची जाळी, खालचं रबर आणि या दोघांमधला फोम, म्हणजे मिडसोल. रस्त्याचा धक्का मुख्यतः हा फोम झेलतो. बहुतेक बुटांत तो ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. प्रत्येक पावलाला ते दबतात आणि पुन्हा फुगतात. पळताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. एका किलोमीटरला साधारण हजारभर पावलं धरली, तर 600 किलोमीटरमध्ये प्रत्येक बूट तीन लाख वेळा आपटतो. हळूहळू बुडबुड्यांच्या भिंती मोडतात आणि फोम दबला की पूर्ववत होईनासा होतो. कापसाची गादी खोळ शाबूत असूनही आतून बसते, तसंच हे. फरक इतकाच, की कापूस पिंजून घेता येतो, फोम नाही.

मग प्रत्येक जण वेगळा आकडा का सांगतो? 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर बुटांची चाचणी घेतली होती. पहिल्या 80 किलोमीटरमध्येच धक्का झेलण्याची क्षमता सुमारे पाऊण उरली. 400 ते 800 किलोमीटरदरम्यान ती 60 टक्क्यांच्याही खाली गेली होती. माणसांनी प्रत्यक्ष पळून वापरलेले बूट त्याहून थोडे बरे टिकले. हे वाचून माझ्या डोक्यातली गाठ सुटली. बूट अमुक दिवशी मरत नाही, तो पहिल्या दिवसापासून झिजत असतो. म्हणून सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा 500 ते 800 किलोमीटरचा पल्ला ही सूचना आहे, कालमर्यादा नव्हे. पळणाऱ्याचं वजन, पाऊल टाकायची ढब, रस्ता आणि फोमचा प्रकार यांवर तो पुढेमागे होतो. शर्यतीचे अगदी हलके बूट सहसा लवकर संपतात.

काकांनी मला तपासणी शिकवली. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहायचं. तो एका बाजूला कलला असेल, तर त्या बाजूचा फोम जास्त बसला आहे. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्यात का, अंगठ्यानं दाबल्यावर तो दगडासारखा लागतो का, हे पाहायचं. टाचेला धरून ठेवणारी मागची कडक वाटी ढिली झाली का, तेही चाचपायचं. टाचेच्या बाहेरच्या कडेची थोडी झीज मात्र स्वाभाविक आहे, कारण बऱ्याच जणांची टाच तिथेच आधी टेकते. रबर जाऊन फोम उघडा पडला, तर विचारायलाच नको.

सगळ्यात स्पष्ट उत्तर दुकानात मिळालं. त्याच मापाचा, त्याच मॉडेलचा नवा बूट एका पायात आणि माझा जुना दुसऱ्या पायात घालून मी चार फेऱ्या मारल्या. जुन्या बुटात माझी टाच खाली गेल्यासारखी वाटली आणि फरशी थेट तळव्याला लागली. रोज थोडं थोडं बदलत गेल्यामुळे जे कळलं नव्हतं, ते शेजारी शेजारी ठेवल्यावर लख्ख कळलं. पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये पाहिलं, तर त्या जोडावर 700 किलोमीटरच्या आसपास झाले होते.

नवा जोड घेतला. आधी काही दिवस विश्रांती, फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले पोटरीचे व्यायाम आणि मग नवे बूट, या सगळ्यानंतर नडग्या दुखायच्या थांबल्या. सगळं श्रेय मी बुटांना देणार नाही. दुखणं रेंगाळलं, तर आधी डॉक्टरकडेच जायला हवं.

दोन जोड आलटून पालटून वापरण्याचा सल्लाही मी मनावर घेतला आहे. लक्झेंबर्गमध्ये 264 धावपटूंचा 22 आठवडे अभ्यास झाला, त्यात एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका 39 टक्के कमी दिसला. पुण्याच्या पावसाळ्यात तर दुसरा जोड लागतोच. ओले बूट आतली पट्टी काढून, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावे लागतात. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवले, तर गोंद आणि फोम दोन्ही बिघडतात.

खर्चाची बोच मला कळते. पण पळण्यातून निवृत्त झालेला बूट भाजी आणायला बरेच दिवस चालतो. तिथेही संपला, तर मुंबईच्या ग्रीनसोलसारख्या संस्था जुन्या बुटांपासून चपला बनवून गरजू मुलांना देतात.

नव्यानं पळायला लागलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. नव्या बुटाच्या जिभेवर आतून पेनानं तारीख लिहा आणि वहीत किलोमीटर मांडत जा. 400 झाले की दर पंधरवड्याला फोम तपासा. शर्यत जवळ आली असेल, तर नवा जोड किमान दोन-तीन आठवडे आधी वापरायला काढा. आणि बूट फाटायची वाट पाहू नका. तो फाटण्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो.